मूळ प्रतीसह

त्या बाई मला पहिल्यांदा भेटल्या तेव्हा मी एका ओतकामाच्या कारखान्याच्या धुराड्यावरून नुकताच खाली उतरलो होतो. तोंड, मान, शर्टाची कॉलर, सगळं काळं झालेलं. मी माझ्या सहायकाला मराठीतून म्हणत होतो, "नळी जपून धर, आतला फिल्टरचा कागद फाटला तर सगळं परत करावं लागेल." तोही आपल्याकडचाच होता. कारखान्याच्या कुंपणापलीकडून आवाज आला, "तुम्ही महाराष्ट्रातले का?"

कुंपणाला लागून चार खोल्यांची शाळा होती. तिच्या अंगणात सुती साडी नेसलेल्या, चाळिशीच्या एक बाई उभ्या होत्या. हातात खडू होता. दिल्लीची हद्द ओलांडून शेजारच्या राज्यातल्या त्या गावात मराठी ऐकू येईल असं मला वाटलं नव्हतं आणि त्यांनाही नसावं. त्या मूळच्या नगरच्या, ख्रिस्ती घरातल्या. नवरा गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका लहान कारखान्यात सुपरवायझर म्हणून आला, म्हणून त्या आल्या आणि त्या शाळेत शिकवायला लागल्या.

त्यांनी मला वर्गात नेलं. बाकं पुसलेली होती, तरी बोट फिरवलं तर बोटाला काजळी लागायची. त्यांनी एका मुलीची वही उघडून दाखवली. पानाच्या कडा राखाडी झाल्या होत्या आणि ओल्या हाताचे ठसे उमटले होते.

"दिवसातून दोनदा पुसते," बाई म्हणाल्या. "भट्टी पेटवतात तेव्हा खिडक्या लावून घेते. मग आत जीव घाबरतो. साहेब, तुम्ही मोजलंत ना? काय निघालं?"

"लॅबमध्ये वजन केल्यावर कळेल."

"पण कळेल ना?"

"मी बघतो," मी म्हणालो. आणि तेव्हा ते मनापासून म्हणालो होतो.

ही दिल्लीतल्या बसगाड्या गॅसवर धावू लागल्या त्याच्या आसपासची गोष्ट. आमचं कार्यालय केंद्राचं. कोणत्या उद्योगाच्या धुराड्यातून किती धूळ आणि किती वायू बाहेर पडलेला चालेल, ते आम्ही ठरवत असू. ते पाळलं जातं की नाही हे बघायचं काम मुळात राज्यांच्या मंडळांचं. तरी दिल्लीच्या भोवतालच्या पट्ट्यातल्या काही कारखान्यांवर आमची थेट नजर होती. आम्ही जीपमध्ये यंत्रं टाकून जात असू, नमुने घेत असू आणि नोटिसाही आम्हीच काढत असू. मला ते काम आवडायचं. धुराड्यावर चढायला मी कधी कुरकुर केली नाही.

बाईंच्या शेजारच्या त्या कारखान्याचा नमुना मर्यादेच्या कितीतरी वर गेला. आम्ही नोटीस काढली. मालकाने मुदत मागितली, आम्ही दिली. त्याने धूळ अडवणारं एक यंत्र बसवलं, ते दोन महिने चाललं, मग बंद पडलं की बंद ठेवलं, कोण जाणे. बाई मला पत्रं लिहीत. सुरेख, गोल अक्षर, आखीव कागद. आधी शाळेतलं काहीतरी लिहीत आणि मग मुद्द्यावर येत. घरी मी ती पत्रं बायकोला वाचून दाखवायचो. दिल्लीत वाढलेल्या आमच्या मुलीला मराठी वाचता येत होतं, पण अडखळत, म्हणून एकदा तिच्याकडूनही वाचून घेतलं होतं. 'काजळी' म्हणजे काय, तिने विचारलं होतं.

मग वरून ठरलं की हे थेट तपासणीचं काम आता राज्यांकडे सोपवायचं. मानकं आमची, अंमलबजावणी त्यांची. माझे वरिष्ठ म्हणाले, "यार, दिल्ली में बैठकर हम हर गाँव की चिमनी कैसे देखेंगे? जिनका ज़िला है, वे देखें." त्यात चुकीचं काहीच नव्हतं. जिल्ह्यातला इंजिनियर अर्ध्या तासात पोहोचणार, आम्हाला अर्धा दिवस लागायचा. मलाही ते पटलं होतं, आणि आजही तत्त्व म्हणून मी त्याला चूक म्हणणार नाही.

पण प्रस्तावाची टिपणी मी लिहिली. त्यात एक रकाना होता, राज्याकडे त्यासाठी यंत्रणा आहे का. मी त्या जिल्ह्याचं कार्यालय पाहिलं होतं. दोन खोल्या, एक इंजिनियर, त्याच्याकडे तीन तालुके, आणि एक जीप जी बहुतेक वेळ दुसऱ्याच कोणत्या तरी कामाला लागलेली. धुराड्यातला नमुना घ्यायचं यंत्र कोपऱ्यात होतं, खोक्यात, पट्ट्यासुद्धा न कापलेलं. त्यावर फायली रचल्या होत्या. इंजिनियर भला माणूस होता. तो मला म्हणाला होता, "सर, इसके फ़िल्टर ही नहीं आए. और चलाना किसी ने सिखाया नहीं."

त्या रकान्यात मी लिहिलं, 'राज्याकडे पुरेशी यंत्रणा उपलब्ध आहे.'

मला कुणी तसं लिहायला सांगितलं नव्हतं. खरं लिहिलं असतं तर फाइल प्रश्न घेऊन परत आली असती, मला पत्रव्यवहार करावा लागला असता, प्रशिक्षणाचा वेगळा प्रस्ताव करावा लागला असता आणि वरिष्ठांचा चेहरा पडला असता. फाइल चार सह्या घेऊन सरळ वर गेली. वरिष्ठांनी मला बोलावून, "अच्छा ड्राफ्ट किया," असं म्हटलं. मी खूश होऊन जिना उतरलो, हे मला लख्ख आठवतं.

आदेश निघाल्यावर आमच्याकडच्या तक्रारी राज्यांकडे पाठवायच्या होत्या. महिनाभर तेच चाललं होतं. पत्र उचलायचं, त्याला छापील पाठपत्र जोडायचं, 'मूळ प्रतीसह उचित कारवाईसाठी', खाली सही, की पुढचं. माझं टेबल इतकं स्वच्छ कधी झालं नव्हतं.

त्यात बाईंचं एक नवं पत्र निघालं. शुक्रवार होता, दुपार. त्यांनी लिहिलं होतं की भट्टी आता शाळेच्या वेळातच पेटवतात, यंत्र बंदच असतं, आणि दुसरीतली दोन मुलं खोकल्यामुळे शाळा सोडून आजोळी गेली. वर एक वेगळी चिठ्ठी टाचली होती. 'भाऊ, शाळेच्या कमिटीवर त्याच मालकाचा माणूस आहे, आणि आमचे हे जिथे काम करतात तो कारखाना मालकाच्या मेव्हण्याचा आहे. तेव्हा माझं नाव कुठेही पुढे जाऊ देऊ नका. तुमच्यावर विश्वास आहे म्हणून लिहिते.'

मी ती चिठ्ठी वाचली. हे मी स्पष्ट सांगतो, कारण नंतर कित्येक वर्षं मी स्वतःला समजावत होतो की ती माझ्या नजरेतून सुटली असेल. सुटली नव्हती. मी ती नीट वाचली आणि मनात म्हटलं, हे पुन्हा टाइप करून घ्यायला हवं, नावाशिवाय, हिंदीत किंवा इंग्रजीत. टाइपिस्ट रजेवर होता. मला स्वतःला करायचं तर अर्धा तास लागला असता. बायको आणि मुलगी चार वाजता खाली येऊन थांबणार होत्या, आम्हाला करोल बागेत मुलीसाठी स्वेटर घ्यायला जायचं होतं. सोमवारी करू असं म्हणून मी पत्र बाजूला ठेवलं. मग वाटलं, सोमवारी परत हाच ढीग वाढलेला असणार. मराठीतलं पत्र तिथे कोण वाचतंय, असंही वाटलं. मी चिठ्ठी काढली, खिशात घातली, आणि पत्राला पाठपत्र जोडून सही केली. पत्राखाली बाईंचं नाव होतं, शाळेचं नाव होतं, गाव होतं. ते वाचायला मराठी यायची गरज नव्हती. लिपी तीच.

करोल बागेत मुलीने लाल स्वेटर घेतला. आम्ही छोले-भटुरे खाल्ले. चिठ्ठी दुसऱ्या दिवशी कपडे धुताना खिशात भिजून लगदा झाली. बायकोने विचारलं, "काही महत्त्वाचं होतं का?" मी नाही म्हणालो.

दीडेक महिन्याने बाईंचा ऑफिसात फोन आला. त्या दिल्लीत आल्या होत्या, पण ऑफिसात यायला तयार नव्हत्या. "कुणी बघायला नको," म्हणाल्या. दिल्लीत आपल्या राज्याचं सदन आहे, तिथल्या कँटीनमध्ये भेटू, असं मी सुचवलं.

त्या आधीच येऊन बसल्या होत्या. वाळल्या होत्या. मी दोघांसाठी जेवण मागवलं. त्यांनी भाकरी मोडली, पण खाल्ली नाही.

"भाऊ," त्या म्हणाल्या. पत्रांमध्ये साहेबाचा भाऊ कधी झाला होता ते आम्हा दोघांनाही कळलं नव्हतं. "माझं पत्र मालकाकडे पोहोचलं."

मी विचारलं, "म्हणजे काय झालं?"

त्यांनी क्रमाने सांगितलं. कमिटीच्या माणसाने त्यांना बोलावून घेतलं आणि विचारलं की गावाचं खाऊन गावाचे कारखाने बंद पाडायचे आहेत का. शाळेतून त्यांना काढलं नाही, फक्त वर्ग काढून घेतला आणि ऑफिसात कपाटं लावायला बसवलं. मग त्यांच्या नवऱ्याला सुपरवायझरचं काम काढून गेटवर उभं केलं, आणि पंधरा दिवसांनी उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. आता घरमालक खोली रिकामी करा म्हणत होता. गावात शेजारणी बोलेनाशा झाल्या होत्या, कारण त्यांची माणसंही तिथेच कामाला.

"ज्यांच्या मुलांसाठी लिहिलं त्याही?" मी विचारलं.

"त्याच तर. त्यांचं तरी काय चुकलं? चूल तिथूनच पेटते त्यांची."

मी पाणी प्यायलो. त्या माझ्याकडे बघत होत्या, शांतपणे, मुलाने गणित सोडवायची वाट बघावी तशा.

"एक विचारते. रागावू नका," त्या म्हणाल्या. "तुमच्याकडून तर नाही ना गेलं?"

तेव्हा सांगता आलं असतं. कँटीनमध्ये फारसं कुणी नव्हतं. वाढपी लांब उभा होता.

"छे," मी म्हणालो. "आमच्याकडून कसं जाईल? आम्ही नावं कधीच कळवत नाही. तुम्ही जिल्ह्यालाही काही लिहिलं होतं का? तिथूनच फुटलं असेल. हल्ली सगळं राज्याकडे गेलंय ना, तिथे काही धरबंध नाही."

वर हेही म्हणालो. ज्या इंजिनियरकडे फिल्टरचे कागदसुद्धा नव्हते त्याच्यावर मी ते ढकललं.

"मी जिल्ह्याला नव्हतं लिहिलं," बाई हळूच म्हणाल्या. मग म्हणाल्या, "असेल. कुठून तरी गेलं असेल." त्यांनी पिशवी मांडीवर ओढून घेतली, दोन घास खाल्ले, आणि उठल्या. मी त्यांना बसस्टॉपपर्यंत सोडलं. "काही लागलं तर कळवा," असं मी म्हणालो. त्यांनी मान हलवली.

महिन्याभरात त्यांनी गाव सोडलं, हे मला त्यांच्या शेवटच्या पोस्टकार्डावरून कळलं. नगरला परत जात आहोत, एवढंच लिहिलं होतं. पत्ता होता. मी उत्तर दिलं नाही. काय लिहायचं ते सुचलं नाही, असं मी तेव्हा म्हणायचो. खरं म्हणजे काय लिहायला हवं ते मला ठाऊक होतं.

राज्याचा अहवाल पुढे सहा महिन्यांनी आला, एका परिच्छेदाचा. भेटीच्या वेळी भट्टी बंद होती, मानकांचं उल्लंघन आढळलं नाही, तक्रारदार सध्या त्या पत्त्यावर राहत नाही. तक्रारदार तिथे का राहत नाही हे मला माहीत होतं. मी फाइलवर 'बंद करावी' असं लिहिलं.

घरी बायकोने एकदा विचारलं, "त्या नगरच्या बाईंचं पत्र नाही आलं बऱ्याच दिवसांत?"

"बदली झाली त्यांच्या मिस्टरांची," मी म्हणालो.

"अच्छा," ती म्हणाली. आणि पोळ्या लाटत राहिली.

त्यानंतर मी आणखी बरीच वर्षं नोकरी केली. बढती मिळाली. राज्यांकडे काम सोपवायच्या विषयावरचा जाणकार म्हणून मला बैठकांना बोलवायचे. दरवर्षी दिवाळीनंतर दिल्लीवर तो पिवळट पडदा उतरला की टीव्हीवर केंद्र राज्यांकडे बोट दाखवायचं आणि राज्यं केंद्राकडे, आणि मी चहा घेत ते ऐकायचो. आमची मुलगी मोठी झाली होती, तिला दमा निघाला होता. इनहेलर तोंडाला लावून ती एकदा म्हणाली, "बाबा, तुमच्या ऑफिसात नेमकं काय करतात?" तिने चेष्टेने विचारलं होतं. मी उठून दुसऱ्या खोलीत गेलो.

त्या दिवशी बायको मागोमाग आली. तिला मी सगळं सांगितलं, खिशातल्या चिठ्ठीपासून. ती पलंगाच्या कडेला बसली. मग म्हणाली, "आम्ही खाली थांबलो असतो की अर्धा तास." एवढंच. मला वाटलं होतं ती चिडेल किंवा समजूत घालेल. तिने दोन्ही केलं नाही.

निवृत्त झाल्यावर वर्षभराने मी नगरला गेलो. माझी बहीण तिथेच असते, त्यामुळे निमित्त होतं. पोस्टकार्डावरचा पत्ता जुना होता, पण चर्चच्या आवारात विचारल्यावर एका गृहस्थांनी घर दाखवलं. बैठं घर, पुढे तुळस नसलेलं पण शेवंतीच्या कुंड्या असलेलं अंगण. बाईंनी लगेच ओळखलं. केस पूर्ण पांढरे झाले होते. आवाज तोच.

त्यांचे यजमान आतल्या खोलीत खुर्चीवर बसलेले दिसत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पेपर वर धरला.

बाईंनी चहा ठेवला. मी उभ्या उभ्याच बोलायला सुरुवात केली, कारण बसलो असतो तर पुन्हा हवापाण्याच्या गप्पा झाल्या असत्या. "तुमचं पत्र माझ्याकडूनच गेलं होतं. नावासकट. तुमची चिठ्ठी मी वाचली होती. आणि तुम्ही विचारलंत तेव्हा मी खोटं बोललो."

बाईंनी गॅस बारीक केला.

"बसा," त्या म्हणाल्या. "मला माहीत होतं ते."

"कधीपासून?"

"तेव्हापासूनच. यांना कामावरून काढलं ना, त्या दिवशी मालकाच्या मेव्हण्याने माझं पत्र यांच्यापुढे टाकलं. वर तुमचा कागद टाचलेला. सही तुमचीच. मी ती तुमच्या उत्तरांवर इतक्यांदा पाहिली होती."

"मग मला विचारलंत का?"

त्यांनी चहा गाळला, कप माझ्यापुढे ठेवला, आणि मगच उत्तर दिलं. "तुम्ही हो म्हणाल असं वाटलं होतं. हो म्हणाला असतात तर मी तुम्हाला एक वही देणार होते. वर्षभर मी लिहून ठेवलं होतं, कोणत्या दिवशी कधी धूर आला, कोण कोण मुलं खोकल्याने आली नाहीत. तारीखवार. पिशवीत होती माझ्या. तुम्हाला म्हणणार होते, जे झालं ते झालं, आता तुम्ही स्वतःच्या नावाने हे वर मांडा, मी येईन बरोबर. यांची तयारी होती. नोकरी तर गेलीच होती, आता भ्यायचं कुणाला."

मी विचारलं, "ती वही आहे?"

"नाही. इथे आल्यावर एक पावसाळा गेला, दुसरा गेला. मग रद्दीत दिली." त्यांनी स्वतःचा कप उचलला. "तुम्ही हो म्हणाला नाहीत, तेव्हा मला कळलं की हे काम तुमच्याकडून व्हायचं नाही. राग नाही आला, भाऊ. फक्त कळलं."

त्या अजूनही भाऊ म्हणत होत्या. राग आला असता तर मला सोसलं असतं.

तो कारखाना पुढे बंद झाला, पण धुरामुळे नाही. गाड्यांच्या कंपन्यांनी माल दुसरीकडून घ्यायला सुरुवात केली. शाळेच्या जागी आता गोदाम आहे. हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी दुसरीतल्या त्या दोन मुलांचं पुढे काय झालं असं विचारलं. मुलांची नावं बाईंना पाठ होती. मला काहीच माहीत नव्हतं. मी ती नावं तेव्हा पत्रात वाचली होती आणि विसरलो होतो.

निघताना मी आतल्या खोलीच्या दाराशी गेलो आणि यजमानांना हात जोडले. त्यांनी पेपर खाली घेतला. चेहरा रागीट नव्हता, थकलेला होता.

"गेटवर उभं केलं होतं मला," ते म्हणाले. "ज्या पोरांना मी काम शिकवलं, ती रोज सकाळी माझ्यासमोरून आत जायची. पंधरा दिवस. एकानेही नमस्कार केला नाही. घाबरायची बिचारी." मग पेपर पुन्हा वर गेला.

बाई फाटकापर्यंत आल्या. मी म्हणालो, "पुन्हा येईन तेव्हा..."

"नका येऊ," त्या म्हणाल्या, अगदी सौम्यपणे. "यांना दोन दिवस झोप लागत नाही, जुनं निघालं की. तुम्ही सांगायला आलात ते बरं केलंत. पण आता नका येऊ."

मी बरं म्हणालो. बहिणीकडे वर्षातून एकदोनदा जातो. तिच्या घरून बाजारात जायचा जवळचा रस्ता चर्चच्या आवारावरून आहे, त्यामुळे बहीण दर वेळी त्याच वाटेने चल म्हणते. मी पाय मोकळे करायचे आहेत असं सांगून लांबच्या रस्त्याने जातो. तिला मी अजून काही सांगितलेलं नाही.